बुडाल्यावर कोणाच्या दारात जायचे, हे आधी पाहावे

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालणारा शेतकरी कोणावरही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. सौद्यात भाव किती निघाला ते तो स्वतः ऐकतो, काट्याजवळ उभा राहून वजन पाहतो, हमाली-तोलाई किती कापली ते हिशेबाच्या पट्टीवर बोट ठेवून विचारतो, आणि आडत्याने आठ दिवसांचे पंधरा दिवस केले तर बाजार समितीचे कार्यालय कोठे आहे हेही त्याला ठाऊक असते. तेथे न्याय मिळेलच असे नाही. पण जायला एक दार आहे, दारावर पाटी आहे आणि आत बसलेल्या संचालकाला पुढच्या निवडणुकीत मते मागायला आपल्याच गावात यायचे आहे. याच शेतकऱ्याचा पुण्याला शिकून आलेला मुलगा त्याच पट्टीतले पन्नास हजार रुपये रात्री साडेअकरा वाजता फोनवरून एखाद्या ‘कॉइन’मध्ये, म्हणजे क्रिप्टो म्हणतात त्या डिजिटल चलनात, घालतो, तेव्हा मात्र काटा कोणाचा आणि पाटी कोणाची, हे विचारत नाही. पुढचा मजकूर त्या मुलासाठी आहे. पैसे घालायचे की नाही ते त्याने ठरवावे. त्याआधी काय काय तपासायचे, एवढेच येथे सांगतो.

सर्वप्रथम आपल्यापुढे नेमके काय ठेवले आहे ते ओळखावे, कारण क्रिप्टो या एकाच नावाखाली आपल्याकडे निदान तीन निरनिराळे धंदे चालतात. एक म्हणजे बिटकॉइन, इथर यांसारखी खरोखर अस्तित्वात असलेली आणि जगभर खरेदी-विक्री होणारी चलने, जी एखाद्या एक्स्चेंजवर, म्हणजे अशा चलनांच्या ऑनलाइन बाजारात, खाते उघडून घेता येतात. दुसरा धंदा हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी भरतो. तेथे चहा-नाश्ता असतो, कोट घातलेला वक्ता असतो, आणि ‘आयडी लावा, खाली दोन माणसे जोडा’ हे वाक्य पहिल्या अर्ध्या तासात येतेच. तिसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामच्या गटातून येतो. त्यातल्या अ‍ॅपमध्ये तुमचा नफा रोज वाढताना दिसतो, आणि काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. तेथे क्रिप्टो मुळात नसतेच. असतात ते फक्त पडद्यावरचे आकडे.

तिसरा प्रकार ओळखण्याची खूण सोपी आहे: पैसे घातल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यातले निम्मे परत आपल्या बँक खात्यात मागवून पाहावेत. ते आले तरी निर्धास्त होऊ नये, कारण सुरुवातीला थोडे देऊन पुढे मोठी रक्कम ओढण्याची रीत या मंडळींना पक्की ठाऊक आहे. पण कर म्हणून आणखी पैसे मागितले तर तेथेच थांबावे. भारतात क्रिप्टोवरचा कर आयकर खात्याकडे जातो किंवा विक्रीच्या रकमेतून कापला जातो; आपलेच पैसे सोडवण्यासाठी तो कोणाच्या खासगी खात्यात भरावा लागत नाही.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या भागात नुकसान बहुतेक तेथेच होते. गेनबिटकॉइन या योजनेत बिटकॉइन दिल्यास १८ महिने दरमहा १० टक्के परतावा मिळेल, असे सांगितले जात असे. पुढे परताव्याचे बिटकॉइन बंद झाले आणि लोकांच्या हातावर एमकॅप नावाचे, योजनावाल्यांनीच काढलेले नाणे ठेवण्यात आले. सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि २०२३ मध्ये हे खटले सीबीआयकडे गेले. ही सनावळी मुद्दाम दिली. गुंतवणूकदाराच्या आयुष्यातली किती वर्षे कोर्टाच्या तारखांमध्ये जातात हे त्यावरून कळावे. दरमहा १० टक्के हा आकडा ऐकल्यावर गावातला कोणताही जाणता माणूस एकच प्रश्न विचारेल: इतके मिळत असेल तर हा स्वतः सावकाराकडून कर्ज काढून पैसे का लावत नाही, माझ्या दारात का आला आहे? हा प्रश्न हॉलमध्ये उभे राहून, सर्वांना ऐकू जाईल असा विचारावा. अडचण अशी की समोर बसलेला माणूस परका नसतो. तो चुलत मेहुणा असतो, शाळेतल्या गुरुजींचा मुलगा असतो, आणि प्रश्न विचारला तर पुढच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला तोंड लपवावे लागेल अशी भीती असते. मराठवाड्यात ठेव बहुधा ओळखीवरच ठेवली जाते, आणि म्हणूनच ती बुडते तेव्हा पैशांबरोबर नातेही जाते.

ज्यांनी पतसंस्था आणि मल्टिस्टेटचे कुलूप लागलेले दरवाजे पाहिले आहेत, त्यांना हे नव्याने सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. पतसंस्थेला किंवा मल्टिस्टेट पतसंस्थेला हे संरक्षण नाही, आणि मल्टिस्टेटचे, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या संस्थेचे, केंद्रीय निबंधक दिल्लीत बसतात, हे पुष्कळांना शटर खाली आल्यावर कळले. क्रिप्टोला यांपैकी काहीच नाही. तेथे विमा नाही आणि ठेवीदारांसाठी निबंधकही नाही.

मग नियमन कोणाचे, हा प्रश्न येतो, आणि येथे राष्ट्रीय राजकारणाची थोडी करमणूकही होते. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने संपूर्ण बंदीचा मसुदा मांडला, त्यात १० वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक रद्द ठरवले. २०२१ मध्ये क्रिप्टोविषयीचे विधेयक आधी अर्थसंकल्पी आणि मग हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजाच्या यादीत आले, पण सभागृहात मांडले गेले नाही. आणि फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात, कायदा नसलेल्या त्याच वस्तूला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव देऊन तिच्यावर ३० टक्के कर बसवण्यात आला. तो करही कसा, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी सरसकट. कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नाही, नफ्यावर कर घेण्याचा सरकारला सार्वभौम अधिकार आहे, असा खुलासा अर्थमंत्र्यांनी त्याच महिन्यात राज्यसभेत केला. आपल्याकडे अशा पाहुण्याला ओळखतात: लग्न मान्य नाही, पण आहेराच्या पाकिटावर हक्क आहे.

या सगळ्यातून एक पाटी मात्र खरोखर मिळाली आहे. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्स्चेंज काळा पैसा पांढरा करण्याला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली (पीएमएलए) आले आणि त्यांना केंद्रीय वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. खाते उघडण्याआधी ही नोंदणी आहे का, ते अवश्य पाहावे. नसेल तर ते अ‍ॅप फोनवर ठेवूही नये. मात्र नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावा. ग्राहकाची ओळख घेणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे, एवढीच त्या नोंदणीमागची अपेक्षा आहे. एक्स्चेंज बुडाले तर तुमचे पैसे देण्याची हमी तीत नाही. मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर गेटवर गाडीची नोंद झाली, पण काटा तपासायला कोणी आलेले नाही.

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची चलने चोरीला गेली. ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले, आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला एका वर्षाहून अधिक काळ लागला. कोणाला किती परत मिळणार याची योजना मुंबई किंवा दिल्लीत ठरली नाही, ती सिंगापूरच्या न्यायालयात मंजूर झाली, कारण मूळ कंपनी तेथली होती. म्हणून अटी-शर्तींच्या पानावर ‘आम्ही मान्य करतो’ दाबण्याआधी तंटा कोणत्या देशाच्या न्यायालयात चालेल ते वाक्य शोधून वाचावे. तेवढ्यासाठी दहा मिनिटे लागतात, आणि सातबारा काढायला आपण यापेक्षा जास्त वेळ रांगेत उभे राहतो.

आता कराचा हिशेब, कारण यातच सुशिक्षित माणूसही फसतो. समजा तुम्ही दोन चलने प्रत्येकी १ लाख रुपयांना घेतली. पहिले १ लाख ४० हजारांना विकले, दुसरे ६० हजारांना. हातात आले बरोबर २ लाख, म्हणजे फायदा शून्य. पण एका चलनाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे ४० हजारांवर ३० टक्के म्हणजे १२ हजार, आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून एकूण १२,४८० रुपये कर भरावा लागतो. तोटा पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही, म्हणजे आगाऊ करही, कापला जातो, म्हणजे वरच्या उदाहरणात २ हजार. तो अंतिम करातून वळता होतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते. येथे शेतकऱ्याच्या मुलाने विशेष जपावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने घरात कोणी कधी विवरणपत्र भरलेले नसते. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे करमुक्त असतात, त्या पैशांतून घेतलेल्या बिटकॉइनचा नफा तसा नसतो. साधा ‘सहज’ (आयटीआर-१) फॉर्म येथे चालत नाही. क्रिप्टोच्या स्वतंत्र अनुसूचीसह आयटीआर-२ किंवा आयटीआर-३ भरावा लागतो. प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख आणि रक्कम वहीत लिहीत जावे, कारण एक्स्चेंज बंद पडले तर त्याच्या अ‍ॅपमधली यादीही जाते.

टीडीएस टाळण्यासाठी काही जण परस्पर खरेदी-विक्री करतात, म्हणजे अनोळखी माणसाकडून यूपीआयवर पैसे घेऊन त्याला नाणी पाठवतात. हे करू नये. समोरच्याने पाठवलेले पैसे सायबर फसवणुकीतले निघाले, तर दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून तुमचे खाते गोठते, आणि त्याच खात्यात पीक विम्याची रक्कम आलेली असते. मग बँकेचा व्यवस्थापक पोलिसांकडे बोट दाखवतो आणि पोलीस आठशे किलोमीटरवर असतात.

नेत्याच्या तोंडाकडे पाहून पैसे घालणाऱ्यांसाठी एकच दाखला पुरे. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये बिटकॉइन हवेतून काढलेले आहे, असे जाहीरपणे म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये, दुसऱ्या शपथविधीच्या तीन दिवस आधी, त्यांच्या स्वतःच्या नावाचे नाणे बाजारात आले. त्यातला ८० टक्के साठा त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे होता. दोन दिवसांत भाव ७० डॉलरच्या पुढे गेला आणि काही महिन्यांत १५ डॉलरच्याही खाली आला. ज्याच्या वखारीत ८० टक्के माल आहे तोच सौद्यात भाव पुकारत असेल, तर तेथे ढीग लावायचा की नाही हे मोंढ्यातल्या हमालालाही कळते.

हे सर्व पाहूनही फसवणूक झालीच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत थांबवता आली तरच हाती काही लागते. व्यवहार क्रमांक, पडद्याची छायाचित्रे आणि गटातील संदेश पुसू नयेत. लाज वाटते म्हणून घरी न सांगणे ही चूक आपल्याकडे फार होते, आणि तेवढ्या दिवसांत गट बंद होतो.

शेवटी घरातले एक काम उरते. ज्यांनी नाणी एक्स्चेंजवर न ठेवता स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे नाणी सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये किंवा उपकरणात, ठेवली आहेत, त्यांच्या ताब्यात १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांची एक ओळ असते, आणि ती ओळ हीच मालकी असते. जमिनीचा मालक गेला तर तलाठ्याकडे वारस नोंद होते, बँकेत नामनिर्देशन असते. येथे ते शब्द कोणाला सापडले नाहीत तर नाणी कायमची गेली, आणि चुकीच्या माणसाला सापडले तर दहा मिनिटांत गेली. फोनमध्ये त्यांचा फोटो काढू नये. कागदावर शाईने लिहून तो कागद खरेदीखताच्या पिशवीत ठेवावा, आणि ही पिशवी काय आहे ते निदान आईला सांगून ठेवावे.