माथेरानची लाल माती बुटांवर राहू नये म्हणून

माथेरानच्या शार्लोट तलावाची वाट बाराही महिने चालता येते. सावलीची, फारशी चढउतार नसलेली, गाड्यांना बंदी असलेली. त्रास एकच, जांभ्याची लाल माती. उन्हाळ्यात धुरळा, पावसाळ्यात चिखल, आणि घरी आल्यावर मोज्यांवर तांबूस डाग.

आपण घाईने ओला चिखल घासतो आणि तिथेच चूक होते. माती कापडात आणखी मुरते. त्याऐवजी असं करा:

१. निघताना पिशवीत चपला, जुनं वर्तमानपत्र आणि एक रिकामी पिशवी टाका. परतताना दस्तुरी नाक्यावर, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथे, बूट बदला.
२. बुटांत कागदाचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. उन्हात नाही, पंख्याखाली वाळवा.
३. चिखल पार वाळून फिकट झाला की बुटांचे तळ एकमेकांवर आपटा. खपल्या आपोआप पडतात. उरलेलं जुन्या टूथब्रशने झाडा, मगच पाणी लावा.
४. पांढऱ्या मोज्यांवरच्या डागांवर लिंबू आणि मीठ चोळून तासभर ठेवा, मग साध्या पाण्यात धुवा. ब्लीच अजिबात नको. या मातीत लोह असतं, ब्लीचने डाग पक्का बसतो.

शेवाळलेल्या दगडांवर पावसात जपून पाय टाका, तिथे नवे बूटही सटकतात.

आणि कृपा करून तलावात बूट खळबळू नका. गावाला पिण्याचं पाणी तिथूनच जातं.