वहीत नफा, गल्ल्यात खडखडाट

धंद्याच्या दुसऱ्या वर्षी वही नफा दाखवत होती आणि महिनाअखेरीला पगारापुरते पैसे नव्हते. दोन रात्री बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

घोळ दिवसांचा होता. माल गोदामात सरासरी ३० दिवस पडून राही, विकल्यावर गिऱ्हाईक पैसे द्यायला ४५ दिवस लावी, पुरवठादाराला मात्र ३० दिवसांत पैसे चुकते करावे लागत. ३० अधिक ४५, वजा ३०. म्हणजे दर खेपेला ४५ दिवस माझ्या खिशातले पैसे अडकलेले. विक्री वाढली की अडकलेली रक्कमही वाढे. विक्री वाढूनही हातात पैसा का नाही, ते तेव्हा उमगलं.

आता दर सोमवारी येणी चार रकान्यांत मांडतो: ३० दिवसांच्या आतली, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्यापुढची. पहिला फोन दुसऱ्या रकान्याला. नवखा माणूस सगळ्यात जुन्या उधारीच्या मागे धावतो, मीही धावलो. ती निघते थोडी आणि वेळ खाते फार. बिलं पूर्वी महिनाअखेरीला एकदम पाठवायचो, आता माल गेला त्याच दिवशी जातात. शेजारी पुढच्या १३ आठवड्यांचा तक्ता असतो: कुठल्या आठवड्यात किती येणार, किती जाणार. अंदाज चुकतात, पण खड्डा महिनाभर आधी दिसतो.

सवलतीचंही तसंच. ७० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर ३० सुटतात. १० टक्के कमी केले की २० उरतात. तेवढेच ३० कमवायला दीडपट माल विकावा लागतो. आणि मी ‘थोडं कमी करा’ला हसत मान डोलवायचो!

माणसं सांभाळण्यात मी अजून कच्चाच आहे. इतकंच केलं की खरेदी एका सहकाऱ्याकडे सोपवली आणि एक रक्कम ठरवून दिली. तेवढ्यापर्यंत मला विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात त्याच्या दोन खरेद्या फसल्या. जीभ चावून गप्प बसलो. तिसऱ्या महिन्यात मी सवयीने मागवत आलेली एक वस्तू त्याने बंद केली. चार महिन्यांत तिचा एकही नग खपला नव्हता.