रूम खाली आहे का?

गावातल्या रिकाम्या रूम आणि त्यांचा किराया नोंदवायच्या सर्वेक्षणाला नव्याने येणाऱ्या पोरापोरींना मी आधी एकच विचारते: दाराला कुलूप दिसलं तर फॉर्मवर काय लिहाल? बहुतेक जण म्हणतात, रिकामं.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात पहिल्या दिवशी मीही तेच लिहिलं. अकरा कुलपं, अकरा रिकामी घरं. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी विचारत फिरले. सात घरची माणसं पुण्याकडे कामाला गेलेली, लग्नसराईत परतणार. दोन घरांत चांगला भाव यायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला. किरायाने द्यायच्या रूम उरल्या दोन! 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 2.47 कोटी घरं रिकामी नोंदली गेली, पण ती सगळी किरायाने मिळतात असं समजू नका.

मग किराया. एक काकू म्हणाल्या, "सांगाले तीन हजार हाय, पण मानूस पाहून अडीचातबी देऊ." फॉर्मवर तीन हजारच लिहायचे, कारण आपण सांगितलेला किराया मोजतोय, ठरलेला नाही. अडीच शेऱ्यात. लाईट बिल त्यातच की वेगळं, ते तिथल्या तिथे विचारा. आणि रूम केव्हापासून खाली आहे, हा प्रश्न कधीच गाळू नका. वाजवी रूम आठवड्यात जाते, महाग सांगितलेली महिनोन्‌महिने पडून राहते. म्हणून कुठल्याही एका दिवशी गावात फिरलं की महागड्याच जास्त सापडतात आणि आकडा फुगतो.

सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो. 1500, 1800, 2000, 2200 आणि एक नवा बंगला 9000. सरासरी येते 3300, आणि त्या किरायाची गावात एकही रूम नाही. मध्यक 2000. अमेरिकेचं जनगणना खातंही रिकाम्या घरांच्या किरायाचा मध्यकच देतं, दर तिमाहीला. आपल्याकडे महागाई मोजायच्या 2012 पायावर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात घरभाडं फक्त शहरांचं धरलं होतं. म्हणून खेड्यातला हा आकडा नीट यावा, असं मला फार वाटतं.

एका घरी आम्हाला रूम बघायला आलेले समजले. माझ्या सहकाऱ्याला आधी आडनाव विचारलं, मग "रूम भरली" म्हणून सांगितलं. तासाभराने मी गेले, तर तीच रूम 2200 ला खाली होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. नोंदी मात्र दोन्ही ठेवल्या आणि फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला: विचारायला कोण गेलं होतं.