बडोद्यात बसून ई. कोलायचे जीन उडवताना

एफबीए (फ्लक्स बॅलन्स ॲनालिसिस, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रियांचा गणिती हिशेब मांडून ती किती वेगाने वाढेल ते काढणं) म्हणजे काय हे तुम्ही वर्गात ऐकलंय, पायथन थोडंफार येतं, आणि प्रोजेक्टला ई. कोलाय या जिवाणूचे जीन कॉम्प्युटरवर उडवून, म्हणजे मॉडेलमधून काढून, बघायचेत. तुमच्यासाठीच लिहितेय. (दांडिया बाजारातल्या घरी आजोबा अजून विचारतात, "जीवशास्त्र शिकलीस ना गं, मग मायक्रोस्कोप कुठाय?" त्याची सवय करून घ्या.)

सॉफ्टवेअरवर फार डोकं घालवू नका. कॉलेजकडे मॅटलॅबचं लायसन्स असेल तर कोब्रा टूलबॉक्स, नसेल तर तेच काम पायथनमध्ये करणारं कोब्रापाय. ते फुकट आहे, आणि सोबत येणारा जीएलपीके सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला पुरतो. मॉडेल बिग (BiGG) डेटाबेसमधून घ्या, तिथे अशी तयार मॉडेलं ठेवलेली असतात. पण सगळे पहिल्याच दिवशी 1515 जीन आणि 2712 रिॲक्शनचं आयएमएल1515 उतरवतात, ते नको. आधी ई. कोलायचं कोर मॉडेल, 95 रिॲक्शन आणि 137 जीन. ग्लुकोज आत घेण्याची मर्यादा 10 ठेवली की वाढीचा दर ताशी 0.874 यायला हवा, ऑक्सिजन बंद केला की 0.212. हे आकडे येत नसतील तर पुढे जाऊच नका. बहुतेकदा चिन्हाचा घोळ असतो, कारण एक्स्चेंज रिॲक्शनमध्ये पेशीत येणारा पदार्थ ऋण धरतात.

आता ज्या खड्ड्यात मी सगळ्यात जास्त काळ होते, त्याबद्दल.

फॉस्फोफ्रुक्टोकायनेज घ्या, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या मार्गातली एक पायरी चालवणारं एन्झाइम. ई. कोलायमध्ये हे काम करणारी दोन एन्झाइम आहेत, त्यांचे जीन पीएफके-ए आणि पीएफके-बी. मॉडेलमध्ये या रिॲक्शनपुढे नियम लिहिलेला असतो: हा जीन 'किंवा' तो. त्यातला पीएफके-ए काढा, उत्तर 0.874 च. जराही हलत नाही. मग आपण रिपोर्टमध्ये लिहून मोकळे होतो की या जीनचा वाढीवर परिणाम नाही. खऱ्या पेशीत मात्र या क्रियेचा सुमारे 90 टक्के भार पीएफके-ए उचलतो, आणि तो काढलेला जिवाणू ग्लुकोजवर रखडत वाढतो. विश्वामित्रीला पूर येऊन एक पूल बंद झाला की दुसऱ्यावर काय गर्दी होते ते आपण बघतोच. मॉडेलला गर्दी ठाऊक नाही. त्याच्या लेखी दुसरा पूल सगळी वाहतूक आरामात पेलतो, मग तो कितीही अरुंद असो.

उलटा घोळही होतो. जीन काढायच्या ऐवजी घाईत रिॲक्शनच्याच दोन्ही मर्यादा (खालची आणि वरची) शून्य केल्या तर दर 0.704 वर येतो. म्हणजे नाव एका जीनचं आणि काढले दोन! आणि नियमात 'आणि' असेल, म्हणजे एन्झाइम अनेक तुकड्यांचं असेल, तर एक जीन गेला की अख्खी रिॲक्शन बंद. म्हणून प्रत्येक नॉकआउटच्या आधी तो नियम छापून वाचा. प्रत्येक. पन्नास जीन असतील तर पन्नास वेळा. कंटाळा येतो, येऊ दे.

घाबरू नका, बाकीचं एवढं अवघड नाही. एफबीए धरून चालतं की जीन गेल्यावर पेशी लगेच नवा सर्वोत्तम मार्ग शोधते. 2002 मध्ये सेग्रे, विटकुप आणि चर्च यांनी मांडलेली मोमा ही पद्धत म्हणते की पेशी आधी जुन्याच मार्गाच्या जवळ राहते. दोन्ही चालवून बघा, फरक मोठा असेल तर तेच लिहिण्यासारखं आहे. जीनचं प्रमाण वाढवल्याचा परिणाम दाखवायला काहीजण रिॲक्शनची वरची मर्यादा 1000 वरून 2000 करतात. काहीही होत नाही, अडचण मुळात तिथे नसतेच. बाहेरचा जीन घालायचा असेल तर नवी रिॲक्शन जोडा, अणूंचा हिशेब दोन्ही बाजूंना जुळतोय का बघा. एवढं करूनही हवा तो पदार्थ शून्यच येईल, कारण मॉडेलचं उद्दिष्ट वाढ आहे. आणि कधी भरपूर दिसला तर हुरळू नका, एफव्हीए (वाढ तेवढीच ठेवून प्रत्येक रिॲक्शन कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती चालू शकते ते काढणं) चालवून त्याचं किमान मूल्य बघा. किमान शून्य असेल तर तो पदार्थ बनेलच असं मॉडेल म्हणत नाहीये.

सीनियरची स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात कुणीतरी आधी उडवलेला जीन परत न बसवता ठेवलेला असतो आणि तुमचे पुढचे सगळे आकडे बिघडतात. बदल पायथनच्या 'विथ' (with) ब्लॉकमध्ये करा, बाहेर पडलं की मॉडेल मूळपदावर येतं.

मार्गदर्शक निवडताना, माझं ठाम मत, कोडवाला नको, पेट्री डिश धुतलेला माणूस हवा. तो पहिला प्रश्न विचारतो, "वाढवताय कशावर?" हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवणारा जीन काढला तर ग्लुकोज-मिनिमलवर (फक्त ग्लुकोज आणि क्षार असलेल्या माध्यमावर) मोठं मॉडेल मरतं, तोच जिवाणू एलबी या सगळं आयतं पुरवणाऱ्या माध्यमात खुशाल वाढतो. मोठ्या मॉडेलकडे वळाल तेव्हा 2006 चा केइओ संग्रह उघडा. ई. कोलायचे 3985 जीन एकेक करून त्यात प्रत्यक्ष काढलेले आहेत. दहा-बारा जीन निवडा, माध्यम तेच ठेवा, आणि आपली उत्तरं त्यांच्याशी ताडून बघा. जिथे जुळत नाही तिथला नियम आधी वाचा.