सोलरसाठी जमीन बघताय आणि एआयला विचारताय? या चुका टाळा

सोलरच्या लेआउटचं काम करतो, त्यामुळे "एका मेगावॅटला जमीन किती लागते" हा प्रश्न मला रोजचाच. आधी लोक मला विचारायचे, आता एआयला विचारून उत्तर घेऊनच येतात आणि मी वेगळा आकडा सांगितला की माझ्याकडेच संशयाने बघतात. एआय वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः दिवसातून दहा वेळा वापरतो. पण जमिनीच्या बाबतीत ते कुठे गंडतं हे माहीत पाहिजे, कारण खांब एकदा रोवले की मग "सॉरी, माझी चूक झाली" म्हणून काही उपयोग नसतो.

एकच आकडा धरून बसणे

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबने २०२२ मध्ये तिकडच्या मोठ्या प्रकल्पांचा हिशोब छापला, त्यात फिक्स्ड पॅनलला मेगावॅटमागे साधारण २.८ एकर आणि सूर्यामागे फिरणाऱ्या ट्रॅकरला ४.२ एकर लागतात असं निघालं. म्हणजे स्ट्रक्चर बदललं की जमीन दीडपट. आणि हे मेगावॅट डीसी, म्हणजे पॅनलवर लिहिलेले. इन्व्हर्टरमधून बाहेर येते ती एसी, आणि पॅनल मुद्दाम जास्त लावतात, समजा १ मेगावॅट एसीला १.३ मेगावॅट डीसी, मग तेच २.८ एकर होतात ३.६. एआयला हे येत नाही असं नाही, पण तुम्ही नुसतं "मेगावॅट" लिहिलंत की ते दोनपैकी एक गृहीत धरून पुढे पळतं आणि कुठलं धरलं ते बऱ्याचदा सांगतही नाही.

तुमच्या दोन उत्तरांमध्ये तीस-चाळीस टक्क्यांचा फरक येत असेल तर आधी हेच तपासा. डीसी की एसी, फिक्स्ड की ट्रॅकर, आणि कुंपण, आतले रस्ते, ट्रान्सफॉर्मरची जागा धरली की नाही. निम्म्या वेळा भांडण इथेच मिटतं.

सावलीचा हिशोब न तपासता घेणे

इथे मी स्वतः पडलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका साइटसाठी दोन रांगांमधलं अंतर काढायचं होतं. पॅनलची वरची कड खालच्या कडेपेक्षा १ मीटर उंच. एआयला जागेचं अक्षांश दिलं, वर्षातला सगळ्यात लहान दिवस धर म्हणालो, त्याने सांगितलं मोकळी जागा साधारण ९५ सेंटीमीटर पुरे. बघायला छान, सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या, ट्रिगनॉमेट्री बरोबर. पण त्याने सूर्य दुपारी बाराचा धरला होता. सकाळी आठला तिथे सूर्य जेमतेम १७ अंशांवर असतो. मी ते दाखवलं तर लगेच माफी मागितली आणि नवीन उत्तर दिलं, ३.२ मीटर. हे ऐकून मी खूश, की बघा चूक पकडली.

तेही चूकच होतं. साइटवर १ मीटरची काठी रोवून बघितली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, सकाळी आठला सावली तीन मीटरच्या वर जाते खरी, पण ती रांगेच्या सरळ मागे पडत नाही, तिरकी पडते, कारण सूर्य तेव्हा बराच बाजूला असतो. मागच्या रांगेच्या दिशेने मोजली तर १.८ मीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्या उत्तराने सकाळी मागची रांग अंधारात गेली असती आणि दुसऱ्याने प्रत्येक दोन रांगांमध्ये जवळपास दीड मीटर जमीन उगाच सोडली असती, आणि दोन्ही उत्तरं सारख्याच ठामपणे दिलेली! मी एक एकर वाचवायला बसलो होतो आणि मीच ती वाया घालवत होतो.

सकाळी प्रॉडक्शन नको तितकं कमी येतंय अशी तक्रार असेल तर इन्व्हर्टरवर संशय घ्यायच्या आधी खालच्या कडेवर सावली बघा. नेहमीचं पॅनल आतून तीन भागांत जोडलेलं असतं. ते उभं, म्हणजे लांब बाजू खाली-वर ठेवून लावलं असेल तर खालची सेलची एक ओळ जरी झाकली तरी तिन्ही भाग मार खातात, आडवं असेल तर एकच. हाफ कट, म्हणजे अर्धे कापलेले सेल असलेल्या पॅनलचं गणित वेगळं.

नकाशावर रिकामी म्हणजे रिकामी

सॅटेलाइट फोटोवरून जमीन ओळखणारी मॉडेल्स चांगली आहेत, पण फोटो उन्हाळ्यातला असेल तर वाळलेलं कुरण आणि उजाड माळ यात ती घोटाळा करतात. आणि कोणाची गुरं तिथून जातात, पावसात पाणी कुठून वाहतं, लोकांची पायवाट कुठे, हे फोटोत नसतंच.

माणसांनी केलेल्या सर्व्हेतही हे होतं म्हणा. कॅलिफोर्नियात मोजावे वाळवंटात इव्हनपा नावाचा प्रकल्प आहे, पॅनल नाहीत, आरसे आहेत, जागा साधारण ३,५०० एकर. वाळवंटच की, कोणाचं काय जातंय. तर तिथे अंदाजापेक्षा कितीतरी जास्त कासवं निघाली आणि २०११ मध्ये कामाचा काही भाग थांबवावा लागला. म्हणून एक चक्कर कोरड्या दिवसात आणि एक मोठ्या पावसानंतर मारा, चालत, गाडीतून नाही.

"शेती की सोलर" असा प्रश्न विचारणे

प्रश्न असा विचारला की एआय दोन कॉलमचं टेबल काढून देतं आणि आपणही त्यातलाच एक कॉलम निवडतो. वास्तविक दोन्ही एकत्र करायची कल्पना १९८१ पासूनची आहे, जर्मनीत गोएट्झबर्गर आणि झास्त्रोव या दोघांनी मांडलेली.

तिथल्याच हेगेलबाखच्या शेतावर पॅनल इतके उंच लावले की खालून कापणी यंत्र जावं, साधारण ५ मीटर. २०१७ मध्ये बटाटा, गहू यांचं पीक पॅनलखाली १८-१९ टक्क्यांनी घटलं. पुढच्या वर्षी उन्हाळा कडक आणि कोरडा गेला तर त्याच शेतात, त्याच पॅनलखाली बटाटा ११ टक्क्यांनी वाढला. आता सांगा, "पॅनलखाली उत्पन्न किती कमी होतं" याला एआय एका टक्क्यात उत्तर देणार ते कुठल्या वर्षाचं? त्याने दोन्हींची सरासरी काढली तर असं वर्ष येतं जे त्या शेताने कधी बघितलंच नाही. विचारायचंच असेल तर पीक, पाण्याची स्थिती, पॅनलची उंची देऊन विचारा आणि वाईट वर्षात काय होईल ते वेगळं विचारा. आणि हो, उंच स्ट्रक्चरला लोखंड खूप लागतं, हे ते टेबल शेवटच्या ओळीत बारीक सांगतं.

लॅबचा आकडा शेतात लावणे

पॅनलवरचे वॅट २५ अंश तापमानाचे असतात. उन्हात पॅनल ६० अंशांवर सहज जातं, वरच्या प्रत्येक अंशामागे ०.३५ टक्के घट धरली तर १२ टक्के तिथेच गेले. धुळीचं तर विचारूच नका, सहाराची धूळ युरोपवर येते तेव्हा तिकडचे चांगले चांगले फोरकास्टही वीज जास्त दाखवून बसतात. मॉडेल मागच्या डेटावर शिकतं, क्वचित घडणारी गोष्ट त्या डेटात नावालाच असते.

पाणी कुठे पडणार हे विसरणे

हे मला कुठल्याच एआय लेआउटमध्ये आपणहून आलेलं दिसलं नाही. पॅनलवरचं सगळं पावसाचं पाणी खालच्या कडेवरून एकाच रेषेत पडतं, पहिल्या मोठ्या पावसात तिथे बोटभर चर पडतो, उतार असेल तर दुसऱ्या पावसात तो खांबाच्या पायापर्यंत जातो. आधीच चर पडला असेल तर नुसती माती टाकू नका, वाहून जाते. त्या रेषेत खडी टाका किंवा दाट गवत लावा, आणि उतारावर मध्येमध्ये पाणी बाजूला काढून द्या.