डिस्चार्ज बुकात मेडल नाही, पोस्टिंग नाही? दुरुस्तीचा अर्ज करताना या चुका टाळा

"कारगिलच्या वेळी वर होतो, पण डिस्चार्ज बुकात ऑप विजयचं नावही नाही." (डिस्चार्ज बुक म्हणजे निवृत्त होताना हातात मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, ऑप विजय म्हणजे १९९९ ची कारगिलची मोहीम.) माजी सैनिकांच्या कोणत्याही मेळाव्यात हे वाक्य ऐकू येतं, आणि पाठोपाठ दुसरं: "चार अर्ज केले, काही उपयोग नाही." ते अर्ज वाचायला घेतले की बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. नोकरी किती इमानदारीनं केली यावर दोन पानं भरलेली असतात. कोणत्या युनिटमध्ये, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होतो आणि नेमकी कुठली नोंद राहिली, हे मात्र कुठेच नसतं. रेकॉर्ड ऑफिसमधला क्लार्क तुमच्या आठवणीवर नोंद चढवू शकत नाही. त्याला कागद लागतो, आणि तो कागद कोणता हे आपल्यालाच सांगावं लागतं.

"डिस्चार्ज बुक दुरुस्त करा" एवढंच मागणं

सगळ्यात जास्त वर्षं याच चुकीत जातात. डिस्चार्ज बुक ही शेवटची नक्कल आहे. युनिटचं ऑफिस पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या सेवेतल्या घडामोडींची लेखी नोंद) काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे तुमच्या शीट रोलमध्ये (सेवेच्या मूळ नोंदपत्रकात) नोंद होते, आणि घरी जायच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. पेन्शनवर परिणाम करणारी गोष्ट असेल तर ती पुढे पीपीओमध्ये (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) उतरते. यातली कोणती कडी तुटली हे ठाऊक नसताना केलेला अर्ज अंधारात टाकलेला असतो.

शीट रोलमध्ये मेडल आहे आणि फक्त बुकात उतरवायचं राहिलंय, तर काम सोपं. नक्कल करताना झालेली चूक, एका पत्रात सुटते. पार्ट टू ऑर्डर निघाली पण शीट रोलमध्ये चढली नाही, तर त्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख द्या, तेवढ्यावर काम होतं. पण ऑर्डर मुळात निघालीच नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसला कितीही पत्रं लिहा, उत्तर एकच येणार: "नोंद आढळत नाही." तिथे युनिटकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि पुरावा आपण उभा करावा लागतो.

म्हणून दुरुस्ती मागण्याआधी आपली कागदपत्रं मागवा. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शीट रोलची प्रत मागा. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत माझ्याबद्दल निघालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती मागा. माझ्या नावावर मंजूर असलेल्या आणि प्रत्यक्ष दिलेल्या पदकांची यादी मागा. "मंजूर" आणि "दिलेली" हे दोन्ही शब्द वेगवेगळे लिहा, कारण नोंद आहे पण धातूचं मेडल हातात पडलेलंच नाही अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना दुरुस्ती नको, मेडल हवंय, आणि तो अर्ज वेगळा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

याच अर्जात "माझी नोंद दुरुस्त करावी" असंही लिहून टाकायचा मोह होतो. टाळा. माहिती अधिकारात असलेला कागद मिळतो, नवा हुकूम निघत नाही.

पत्ता चुकवणं

जवान आणि जेसीओंचं (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) रेकॉर्ड त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतं, शेवटच्या युनिटमध्ये नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांचं काम मुंबईच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे, हवाई दलाच्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. लष्करी अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड आर्मी हेडक्वार्टरच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेत.

राष्ट्रीय रायफल्समध्ये (आरआर, जिथे इतर रेजिमेंट आणि कोअरमधून काही काळासाठी माणसं येतात) काढलेल्या वर्षांचा गोंधळ इथे खास होतो. ईएमईचा एखादा नायक आरआरच्या बटालियनबरोबर काश्मीरमध्ये राहतो, त्याच्या ऑर्डर आरआर युनिट काढतं, पण शीट रोल सिकंदराबादलाच असतो. त्या दोन-अडीच वर्षांतल्या नोंदी गळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. अर्ज मूळ रेकॉर्ड ऑफिसलाच करायचा आणि त्यात आरआर बटालियनचा नंबर, तिथे हजर झाल्याची आणि तिथून सुटल्याची तारीख ठळक लिहायची.

बँक किंवा प्रयागराजचं पेन्शन ऑफिस यांच्याकडे मेडलसाठी जाऊ नका. स्पर्श पोर्टलवर तक्रार टाकूनही मेडलची नोंद बदलत नाही, ते पेन्शनचं काम बघतं. एकाच पत्राच्या प्रती मंत्र्यापासून पंतप्रधान कार्यालयापर्यंत धाडण्याचा रिवाजही फारसा उपयोगी नाही. त्या सगळ्या फिरून त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या त्याच टेबलावर येतात, फक्त महिना-दोन महिने उशिरा.

सगळी मेडलं एकाच अर्जात, एकाच कारणानं

"मला मिळायला हवीत ती सर्व पदकं द्यावीत" असा अर्ज परत येतो, आणि तो परत यायलाच हवा. पदकांचे निकष वेगवेगळे, त्यामुळे पुरावाही वेगवेगळा.

काही पदकं नुसत्या तारखेवर ठरतात. ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची पदकं घ्या, किंवा स्वातंत्र्याच्या २५, ५० आणि ७५ वर्षांची. भरतीची आणि निवृत्तीची तारीख कुणी नाकारत नाही. १५ ऑगस्ट १९९७ ला तुम्ही सेवेत होतात हे डिस्चार्ज बुकच सांगतं. अशी पदकं राहिली असतील तर आधी तीच मागा.

दुसरी ठरतात कुठे आणि किती दिवस राहिलात यावर. सैन्य सेवा मेडलवर जम्मू-काश्मीर, हिमालय अशा पट्ट्या असतात. मेडल मिळालं पण दुसरी पट्टी राहिली, असंही होतं. हाय अल्टिट्यूड मेडलला ९,००० फुटांच्या वर एकूण १८० दिवस लागतात. ते सलग असायला हवेत असं नाही, तुकड्या-तुकड्यांनी भरले तरी चालतात. इथेच लोक हरतात: एका पोस्टिंगचे चार महिने दाखवतात आणि पाच वर्षांनी दुसऱ्या युनिटबरोबर काढलेले तीन महिने विसरतात.

तिसरी ठराविक ऑपरेशनची. १९९९ च्या कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल ही दोन वेगळी पदकं आहेत. स्टार लढाईच्या ठरवून दिलेल्या भागात असणाऱ्यांसाठी, मेडलचा व्याप त्याहून मोठा. स्टार मागून नकार घेणाऱ्यांमध्ये मेडलला पात्र असलेले बरेच असतात. डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ मध्ये सीमेवर उभे होतात तर ते ऑप पराक्रम, त्याची कारगिलशी सरमिसळ करू नका. वर्षं आठवणीत एकमेकांत मिसळतात, म्हणून तारीख कागदावर बघूनच लिहा.

शौर्यपदकांची गोष्ट निराळी. सेना मेडल असो की वीर चक्र, ते राष्ट्रपतींच्या मंजुरीनं आणि राजपत्रात छापून मिळतं. सीओ साहेबांनी (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनं) नाव पाठवलं होतं, हे खरं असलं तरी रेकॉर्ड ऑफिस त्यावर काही करू शकत नाही. राजपत्रात नाव असेल आणि शीट रोलमध्ये नसेल, तरच ती दुरुस्ती. सेना मेडल शौर्यासाठी की विशिष्ट सेवेसाठी, हेही नोंदीत स्पष्ट हवं, कारण दरमहा भत्ता शौर्याच्या सेना मेडललाच आहे. आणि लष्करप्रमुखांचं कमेंडेशन कार्ड हे मानाचं असलं तरी पदक नव्हे, ते मेडलच्या रकान्यात शोधू नका.

फोटो जोडणं आणि पगाराची पावती फेकून देणं

बर्फातला फोटो सगळे जोडतात. त्यावर तारीख नाही, जागेचं नाव नाही, ऑफिसच्या दृष्टीनं तो शून्य. घरी आलेल्या पत्रांचंही तेच. पाकिटावर "मार्फत ५६ एपीओ" (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं, आणि हा पत्ता जागा कळू नये म्हणूनच असतो. युनिट कळतं, ठिकाण नाही.

खरा पुरावा पैशाच्या कागदात असतो. फील्ड एरिया, हाय अल्टिट्यूड, सियाचीन, काउंटर इन्सर्जन्सी या प्रत्येक तैनातीचा भत्ता वेगळा, आणि तो महिन्याच्या हिशोबात नावानिशी दिसतो. पीएओ (ओआर), म्हणजे जवानांच्या पगाराचा हिशोब ठेवणाऱ्या ऑफिसकडच्या जुन्या स्टेटमेंटमध्ये सहा महिने सलग हाय अल्टिट्यूडचा भत्ता असेल, तर तुम्ही वर नव्हतात असं म्हणणं कुणालाही अवघड जातं. सरकारनं त्या जागेसाठी पैसे मोजलेत ना. हाती असलेली जुनी स्टेटमेंटं जपा, नसतील तर पीएओकडे तारखा देऊन मागा. त्या जोडीला मूव्हमेंट ऑर्डर, रजेचं सर्टिफिकेट, फील्ड हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप. यात युनिट, तारीख आणि शिक्का तिन्ही असतात.

सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं शेवटचा आधार. तीही नुसती "आम्ही बरोबर होतो" अशी नकोत. त्यांचा नंबर, रँक, त्या काळातलं युनिट, आणि त्यांच्या डिस्चार्ज बुकातलं तेच मेडल दाखवणारं पान जोडलं तर वजन येतं.

जखमींनी एक गोष्ट वेगळी तपासावी. घटनेची नोंद बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतली) म्हणून झाली की फिजिकल कॅज्युअल्टी (लढाईबाहेरची) म्हणून? संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अशा घटनांचे ए ते ई असे प्रकार ठरवलेत, आणि वॉर इंज्युरी एलिमेंटचा (पेन्शनमधल्या युद्धजखमेच्या भागाचा) दर साध्या डिसॅबिलिटी एलिमेंटच्या (अपंगत्वाच्या भागाच्या) किमान दुप्पट असतो. इथे एका शब्दावर आयुष्यभराचं पेन्शन बदलतं. इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही या तिन्हींच्या प्रती मागवल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नका.

नाव आणि नंबर

आपल्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. भरतीच्या क्लार्कनं कधी तेच उतरवलं, कधी आडनाव गाळून नुसतं "बाळू रामचंद्र" लिहिलं. आधारवर मात्र बाळासाहेब रामचंद्र शिंदे. मेडलच्या अर्जावर आधारवरचं नाव लिहिलं की जुळणी फसते. अर्जात आधी सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव जसंच्या तसं लिहा. नाव बदलून घ्यायचं असेल तर तो अर्ज स्वतंत्र करा.

नंबरचं दुखणं सुभेदार साहेबांना जास्त. जेसीओ झाल्यावर जेसी नंबर मिळतो, पण हवालदार असताना मंजूर झालेलं मेडल जुन्या नंबरवर असतं. दोन्ही नंबर लिहा, शेवटच्या अक्षरासकट. मूळ मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, तेही भिंग घेऊन तपासा. छावणीतल्या दुकानातून विकत आणलेल्या मेडलवर ते नसतं, आणि विकत घेऊन छातीवर लावलेलं मेडल नोंदीचा पुरावा होत नाही.

थांबून राहणं

कागद कायम राहत नाहीत. पेन्शन नसलेल्यांची सेवा-कागदपत्रं निवृत्तीनंतर २५ वर्षांनी आणि पेन्शनरांची ५० वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. लाँग रोल (भरती झालेल्यांची कायम नोंदवही) उरतो, पण त्यात त्रोटक माहिती असते. १९७१ च्या पिढीच्या बाबतीत ती मुदत उलटून गेलेली किंवा उलटत आलेली आहे.

नकार लेखी आला की घड्याळ सुरू होतं. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलकडे (सैन्यातल्या सेवेच्या तक्रारींच्या न्यायाधिकरणाकडे) जायला सहा महिन्यांची मुदत आहे आणि मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. उशीर माफ होऊ शकतो, त्याचं कारण द्यावं लागतं. पेन्शनच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं २००८ च्या तरसेम सिंग निकालात उशिरा आलेल्याचा हक्क मानला, पण थकबाकी मागच्या तीन वर्षांपुरतीच ठेवली. फोनवर "होऊन जाईल साहेब" ऐकून समाधान मानू नका, लेखी उत्तर मागा. प्रत्येक स्मरणपत्रावर आधीच्या पत्राचा नंबर आणि तारीख टाका, नाहीतर ते नवं पत्र म्हणून रांगेच्या शेवटी जातं. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं पाठवू नका आणि त्यावर स्वतःच्या पेननं काही लिहू नका. साक्षांकित प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करून मिळते, अर्जही तिथून पुढे पाठवता येतो.

सैनिक हयात नसेल तर पत्नीनं किंवा वारसानं अर्ज करावा. पीपीओची प्रत, मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडावा. पीपीओवर नंबर सापडत नसेल, तर ट्रंकेतल्या मेडलची कड आधी बघा.