पॉलिमर क्लेचा इवलासा वडापाव

बाहुलीघरांसाठी प्रचलित असलेल्या १:१२ या प्रमाणात सात सेंटिमीटरचा पाव जेमतेम सहा मिलिमीटरचा होतो, म्हणून हे माप आधी कागदावर आखून घ्यावे. पांढऱ्या पॉलिमर क्लेमध्ये (ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणाऱ्या, प्लास्टिकपासून बनवलेल्या मऊ मातीत) चिमूटभर पिवळसर तपकिरी क्ले मळावी, कारण निव्वळ पांढरा पाव खोटा वाटतो. माथा गुळगुळीत राखून, लादीतून पाव तोडताना उघडी पडणारी बाजू मात्र सुईच्या टोकाने हलकेच उचकटून जाळीदार करावी; सारा खरेपणा या बाजूवरच ठरतो, तेव्हा येथे घाई नको. त्यानंतर सॉफ्ट पेस्टलची (खडूसारख्या रंगकांडीची) तपकिरी भुकटी कोरड्या ब्रशने फक्त माथ्यावर चढवावी आणि मध्यभागी छटा थोडी गडद करावी.

वड्यासाठी पिवळ्या गोळीवर जुना टूथब्रश टोचून तशीच भुकटी लावावी. लसणाच्या चटणीसाठी आधी भाजलेली लाल क्ले बारीक किसून, द्रवरूप क्लेच्या थेंबाने चिकटवावी.

भाजण्याचे तापमान पाकिटावर दिल्याप्रमाणेच ठेवावे (बहुतेक क्लेसाठी ते ११० ते १३० अंश सेल्सिअस असते), कारण क्ले जळल्यास अपायकारक धूर निघतो. मायक्रोवेव्ह तर वापरूच नये. निवल्यावर तेलकट चमक येण्यासाठी वार्निशचा पातळ हात केवळ वड्यावर द्यावा, पावावर नव्हे.